ओळखीचा ठिपका

"भट्टी विझवली की गं, बारा दिवस झाले," असं बाबा फोनवर म्हणाले, तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर ती भट्टी पेटलेली दिसत होती.

माझा घास हातातच राहिला. गुरुवारी पाऊण वाजता डबा खाता खाता बाबांना फोन करायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. मागचा गुरुवार तेवढा कामाच्या गडबडीत चुकला होता. बोलणं ठरलेलं असतं: गुडघा कसा आहे, गोळ्या संपल्या का, शेजारच्या काकू काय म्हणतात. शेवटी बाबा विचारणार, "काय ढगूबाई, दिसते ना आमची भट्टी?" आणि मी म्हणणार, "दिसते की." त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं, भट्टी काय म्हणते. त्यावर हे उत्तर आलं.

मी हवामान खात्यात उपग्रहाच्या चित्रांवर काम करते. एकोणीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, वरून कोणीतरी फोटो काढतं आणि आम्ही खाली बसून ते बघतो. चार माणसांत माझ्या कामाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, आमच्या गच्चीवरचे कपडे दिसतात का. पूर्वी मी नीट समजावून सांगायचे. हल्ली हो म्हणते, आणि कोणते फाटलेत तेही सांगते.

खरं म्हणजे आमच्याकडे दर दहा मिनिटांनी एकाच जागेची चार चित्रं येतात आणि प्रत्येकाची नजर वेगळी. ऑफिसात आम्ही त्यांना टोपणनावं ठेवली आहेत. 'डोळा' म्हणजे उजेडातलं चित्र. जमिनीवर आणि ढगांवर पडून जे ऊन परत वर जातं तेवढंच त्यात येतं, म्हणजे माणूस वर जाऊन बसला तर त्याला दिसेल तसं. सूर्य मावळला की डोळा मिटला. 'थंडी' म्हणजे इन्फ्रारेड. त्याला उजेडाशी काही घेणंदेणं नाही. कोणती गोष्ट किती गरम आहे ते दिवसरात्र सांगत राहतं. गार ते पांढरं, गरम ते काळं, अशी दाखवायची पद्धत आहे, त्यामुळे उंचावरचे गारठलेले ढग त्यात पांढरेफटक उठतात. तिसरं 'वाफ'. त्याला जमीन दिसतच नाही, मधल्या आणि वरच्या हवेतला दमटपणा तेवढा दिसतो. जिथे काळं तिथे हवा ठणठणीत कोरडी. चौथं 'शेगडी'. तेही इन्फ्रारेडच, पण त्याचं नाक विस्तवावर. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दोन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद. एवढ्या मोठ्या जागेत एका अंगणाएवढी आग असली तरी शेगडीत अख्खा चौकोन काळा पडतो.

यातलं एकच चित्र बघून मत देणाऱ्या माणसाची मी गय करत नाही. ऑफिसात कोणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी हे ऐकवते, तेही चढ्या आवाजात.

शेगडीवर लक्ष ठेवायला एक यंत्र आहे. आजूबाजूपेक्षा तापलेला चौकोन दिसला की घंटा वाजते आणि अग्निशमन दलाला आपोआप निरोप जातो. गोची अशी की यंत्राला वणवा आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. पोलाद ओतणारे, चुना भाजणारे, काच वितळवणारे, सगळ्यांच्या नावाने ते बोंब मारतं. त्यातही बाबांच्या काचेच्या कारखान्याने आमचा जीव नकोसा केला होता. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दिवसातून वीस वेळा घंटा वाजायची, आणि अग्निशमनवाले फोन करून आमची शोभा करायचे. शेवटी नऊ वर्षांपूर्वी आम्ही एक यादी केली, 'ओळखीचे ठिपके'. या जागांवर काही तापलेलं दिसलं तर घंटा वाजवायची नाही, आपलंच आहे. यादीतला चौदावा ठिपका बाबांचा. तो मी माझ्या हाताने घातला, आणि पुन्हा कटकट नको म्हणून आजूबाजूचे पुष्कळ चौकोनही त्यात धरले.

बाबा तेव्हा कामावर होते. चाळीस वर्षं त्यांनी त्या भट्टीच्या तोंडाशी काढली. तुमची भट्टी मला छत्तीस हजार किलोमीटरवरून दिसते, असं मी सांगितलं तर दोन दिवस कारखानाभर सांगत सुटले. पुढे निवृत्त झाले, आई गेली, तरी वसाहतीतलं घर सोडून माझ्याकडे राहायला यायला तयार नव्हते. भट्टी मला दिसते आणि भट्टीशेजारी ते आहेत, म्हणजे ते माझ्या नजरेसमोरच आहेत, असा त्यांचा हिशेब. मीही तो मोडला नाही. "रोज बघते," असं म्हणत राहिले.

रोज कसली बघते. यादीत घातल्यापासून त्या ठिपक्याकडे मी वर्षातून दोनदा बघितलं असेल तर खूप.

त्या गुरुवारी बघितलं ते वाफेमुळे. सकाळपासून वाफेच्या चित्रात आमच्या भागावर एक काळी जीभ उतरत होती. वरची वाळकी हवा खाली येत होती, आणि अशा दिवशी सुकं गवत पेटायला निमित्त पुरतं. म्हणून मी यंत्राच्या भरवशावर न राहता शेगडीचं कच्चं चित्र उघडलं आणि डबा खात चौकोन तपासत बसले. सगळीकडे राखाडी होतं. बाबांच्या जागी एक काळा चौकोन आणि त्याच्या खाली आणखी एक. खोटं कशाला बोलू, ते बघून मला बरं वाटलं. लांबून आपल्या घरातला दिवा दिसल्यासारखं वाटलं.

"विझवली म्हणजे?" मी विचारलं. "दुरुस्तीला?"

"दुरुस्ती कसली. कारखानाच बंद झाला. मालक दुसरीकडे नवीन काढतोय म्हणे. शेवटची काच काढली आणि हळूहळू गार केली तिला. मी गेलो होतो बघायला. हात लावून आलो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला दिसलं असेल की. रोज बघतेस ना. मी म्हटलं, आता फोन येईल, बाबा, ठिपका गेला, काय झालं. मग म्हटलं, असेल कामात."

कोणी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. पण लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता, कारण तेवढ्यात पडद्यावर नवीन चित्र आलं आणि त्यात दोनाचे तीन चौकोन झाले होते. तिसरा आणखी खाली. भट्टी जागची हलत नाही आणि वाढतही नाही.

"बाबा, बाहेर धूर आहे का?"

"असतोच. तो ठेकेदार आलाय ना, कारखाना मोडीत काढायला. मागच्या आवारात खोकी नि पेंढा जाळतोय सोमवारपासून. काचसामान भरायचा पेंढा गं, डोंगर साठलाय तिकडे. त्याची माणसं काल गेली, वॉचमनला बसवलंय राखणीला. आज मात्र इकडे वास नाही."

"खिडकीतून बघा."

"खिडकीतून काय दिसणार? मध्ये टेकाड आहे, विसरलीस का?"

वास येणार नव्हताच. वारा उत्तरेचा होता आणि आग दक्षिणेकडे चालली होती, वसाहतीला बगल देऊन. वसाहत पूर्वेला, टेकाडापलीकडे, दीड किलोमीटरवर. तिथे आता राहिलेली माणसं म्हणजे बाबांच्या बरोबरीची, काठी नि चष्म्याची. मी घाईघाईने 'डोळा' उघडला. त्यात काहीच नव्हतं. ऊन डोक्यावर असताना फिक्या जमिनीवरचा विरळ धूर दिसत नाही. तो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतो. 'थंडी' उघडलं, त्यातही काही नाही, कारण त्याची नजर धुरातून आरपार जाते आणि अख्ख्या चौकोनातली एवढीशी आग त्याला जाणवत नाही. ही दोन चित्रं बघून कोणीही छातीठोकपणे सांगितलं असतं की तिकडे सगळं ठीक आहे.

पण 'डोळ्या'त दुसरं एक दिसलं. आगीच्या पश्चिमेला ढगांची एक बारीक ओळ होती, दोरी टाकल्यासारखी सरळ. मी मागची सहा चित्रं एकापाठोपाठ एक लावून बघितली. दोरी पूर्वेकडे सरकत होती. अशी ओळ डोक्यावरून गेली की वारा कूस बदलतो; उत्तरेचा होता तो पश्चिमेचा होतो. आतापर्यंत दक्षिणेकडे धावणाऱ्या आगीचं तोंड अरुंद होतं, बाजू मात्र चार किलोमीटर लांब. वारा फिरला की ती सगळी बाजूच तोंड होणार होती आणि समोर वसाहत होती. अंतर मोजलं, वेग काढला, पुन्हा काढला. दोन वाजायला दहा मिनिटं असताना. घड्याळात बारा पंचावन्न झाले होते.

"बाबा, ऐका. फोन ठेवू नका."

आमच्या खोलीत पलीकडच्या टेबलावर अंदाज लिहिणारे साहेब बसतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'बहुधा'ने सुरू होतं, म्हणून ऑफिसात त्यांना बहुधा साहेबच म्हणतात. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि पडद्यासमोर आणलं. ते बघून म्हणाले, "हा तर आपला चौदा नंबर आहे."

"भट्टी बंद आहे. बारा दिवस."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्वतःच्या टेबलावरचा फोन उचलून अग्निशमन दलाला म्हणाले, "आग आहे. मोठी आहे." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून बहुधा न लावलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. तिकडून उत्तर आलं की सगळ्यात जवळची गाडी निघाली तरी दीड तास लागेल.

दीड तासाने सव्वादोन वाजून गेले असते.

"बाबा, तुमच्या मागच्या माळाला आग लागलीय. दोनच्या आधी ती वसाहतीत येणार. सगळ्यांना घेऊन निघा."

"आग? इथे तर..."

"तुम्हाला दिसत नाहीये ते मला माहितीय. मला दिसतंय."

दोन मिनिटांपूर्वीच माझं दिसणं किती खरं असतं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. मला वाटलं, आता ते फोन ठेवतील.

"रस्त्याने जातो मग," ते शेवटी म्हणाले. "खाली फाट्यावर."

"रस्ता नाही. रस्ता खाली वळतो तिथेच आग चाललीय. तुम्ही कारखान्याकडे जा. उत्तरेच्या फाटकातून आत, वाळूच्या आवारात. काच बनवायची वाळू, तिथे गवताची काडी नाही. वाळूच्या मधोमध जाऊन बसायचं."

"कारखान्याकडे? अगं, आग तिकडूनच येतेय म्हणतेस आणि आम्हाला तिकडेच पाठवतेस?"

"हो. धुराकडेच चालायचं. आग त्याच्या खालच्या अंगाला आहे, वारा अजून तासभर तिला तुमच्यापासून लांब नेतोय. तेवढ्या वेळात वाळूत पोचायचं."

"मी चाळीस वर्षं आगीच्या दारात काढलीत. तू ऑफिसात बसून मला आग शिकवणार का?"

"हो, शिकवणार," मी ओरडले. बहुधा साहेब दचकले. "ही तुमची भट्टी नाही, बाबा. हिला दार नाही. उठा आणि दारं ठोठवा, एकेकाला बाहेर काढा. कोणी कपाट उघडत बसलं तर हाताला धरून ओढा. तुमचं कोण ऐकणार नाही? सगळे तुम्हाला घाबरतात."

पलीकडे चपला शोधल्याचा आवाज आला. मग दार. मग बाबांचा तो भट्टीवरचा आवाज, ज्यापुढे आम्ही लहानपणी पाणी पीत नसू: "चला, बाहेर या सगळे. काकू, काही घ्यायचं नाही. चला." फोन त्यांच्या खिशात होता, चालूच. मला कापडाचा खरखराट ऐकू येत होता, काठ्यांचा आवाज, कोणाचं तरी कुरकुरणं की जेवणाच्या वेळी हे काय नवीन. एका बाईने विचारलं, "आमचे हे तिकडेच आहेत ना, मागच्या आवारात?" बाबा म्हणाले, "असेल तिकडे. आपण तिकडेच चाललोय, चला तुम्ही." ती वॉचमनची बायको, हे मला नंतर कळलं.

एक वाजून दहा मिनिटांच्या चित्रात चार चौकोन काळे होते. वीसच्या चित्रात चारच. तीसच्या चित्रात सहा. प्रत्येक चित्र आमच्यापर्यंत पोचतं तेव्हाच काही मिनिटं शिळं असतं, म्हणजे मी जे बघत होते ते होऊन गेलेलं होतं. ढगांची दोरी सरकत होती, माझ्या हिशेबापेक्षा जरा लवकर. खिशातल्या फोनमधून आता खोकल्याचे आवाज येत होते. बाबा दर थोड्या वेळाने माणसं मोजत होते. एकदा एकवीस झाले आणि ते थांबले, नावाने हाका मारल्या, मग बावीस म्हणाले. एक चाळीसला फोन बंद पडला. मी पुन्हा लावला. लागला नाही. तिकडचा टॉवरच गेला असणार, साहेब म्हणाले. बहुधा.

दोनच्या चित्रात काळे चौकोन खाली सरकायचे थांबले आणि सगळे मिळून उजवीकडे सरकले. वसाहतीचा चौकोन काळा झाला. माझं घर, म्हणजे मी जिथे वाढले ते घर, आईच्या शिवणयंत्राची खिडकी, सगळं त्या एका काळ्या चौकोनात होतं, आणि त्या चौकोनाच्या आत काय चाललंय ते जगातलं कुठलंही चित्र सांगू शकत नव्हतं.

दहा मिनिटांनी तर तेही गेलं. आगीने स्वतःचाच एक ढग उभा केला होता. धूर आणि तापलेली हवा वर चढून गारठली, आणि 'थंडी'च्या चित्रात त्या जागी कापसासारखा पांढराशुभ्र गोळा उठला. शेगडीतले काळे चौकोन त्याच्याखाली झाकले गेले. तिथे माणसं होती, माझे बाबा होते, आणि माझ्या पडद्यावर ती जागा आसपासच्या सगळ्या मुलखापेक्षा जास्त गार दिसत होती. मी त्या पांढऱ्याकडे बघत बसले. रडूही येईना.

साहेबांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. "त्यांना वाळूत पोचायला वेळ मिळाला असेल," ते म्हणाले.

पुढचं काही दिसणार नव्हतं, म्हणून मी मागचं काढलं. हात स्वस्थ बसेनात, एवढंच कारण. शेगडीची जुनी चित्रं, चौदा नंबरची, एकेक दिवस मागे. बारा दिवसांपूर्वीच्या शनिवारी ठिपका गेला होता, बाबा म्हणाले तसाच. नऊ वर्षं तिथे असलेला काळा चौकोन राखाडी झाला होता, आणि पुढचे नऊ दिवस राखाडीच होता. बघणाऱ्याला एका नजरेत कळलं असतं.

मग सोमवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या चित्रात काळा चौकोन परत आला होता. नऊ वीसला होता. दुपारी होता, रात्री होता. मंगळवारी होता, बुधवारी होता. एका बंद पडलेल्या, गार कारखान्यात साडेतीन दिवस उघड्यावर विस्तव जळत होता, उपग्रह दर दहा मिनिटांनी तो दाखवत होता, आणि आमचं यंत्र दर दहा मिनिटांनी माझी यादी वाचून गप्प बसत होतं.

मी ती चित्रं पुन्हा लावली, पुन्हा सोमवार आला, नऊ दहा आले. मला वाटलं, कुठेतरी चूक होतेय, आपण दुसराच चौकोन बघतोय. अक्षांश-रेखांश तपासले. चूक नव्हती. डबा अजून तसाच उघडा होता, त्याचा वास सहन होईना.

साहेब कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनीही बघितलं. मग हळूच म्हणाले, "अहवालात एक रकाना असतो, आग प्रथम केव्हा दिसली. तुम्हाला पाऊण वाजता दिसली. ते खरंच आहे. यादी आपण सगळ्यांनी मिळून केली होती. हे बहुधा कोणी विचारणार नाही."

माणूस वाईट नाही. मला वाचवायला बघत होते, स्वतःलाही. त्यांच्यावर चिडायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एक क्षण मलाही ते पटलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"ढगूबाई," बाबा म्हणाले. आवाज फाटलेला, पण त्यांचाच.

मी टेबलाची कड धरली. मग सुटलेच, हुंदके देऊन रडायला लागले. साहेब दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

"अगं ऐक तर. आहोत आम्ही. बावीसच्या बावीस. अग्निशमनवाल्यांच्या फोनवरून बोलतोय. वाळूत बसलोय सगळे, गाढवासारखे लोळलोय. शेजारच्या काकूंना खुर्चीसकट उचलून आणलं. वारा फिरला तेव्हा ती आग वसाहतीवरून गेली, मी बघितलं. घरं राहिली नाहीत."

"जाऊ देत घरं."

"जाऊ देत," ते म्हणाले. "तू धुराकडे चला म्हणालीस तेव्हा मला वाटलं, पोरगी वेडी झाली. इथे सगळे तुला भेटायचं म्हणतायत." ते खोकले, बराच वेळ. "वॉचमन तेवढा गेला गं. मागच्या आवारात सापडला. हातात बादली होती. हे लोक म्हणतात, सकाळीच वाऱ्याने पेंढा उडाला असणार आणि तो एकटाच विझवत बसला. अकराच्या सुमारास. तुला दिसलं त्याच्या आधीच गेला होता तो, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याला तू कशी वाचवणार होतीस."

पडद्यावर सोमवारचं चित्र होतं. दरवाजाच्या काचेतून साहेबांची पाठ दिसत होती. गप्प राहणं सोपं होतं, आणि बाबांनी ते माझ्यासाठी आणखी सोपं करून दिलं होतं.

"बाबा, ते सोमवारपासून दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"पेंढा जळताना. सोमवारी सकाळी नऊ दहापासून. बारीक आग होती, एक गाडी आली असती तरी विझली असती. इथे घंटा वाजायला हवी होती, पण त्या जागेची घंटा मी बंद करून ठेवलीय. नऊ वर्षांपूर्वी. तुमची भट्टी म्हणून."

पलीकडे कोणीतरी खोकत होतं, लांबवर गाडीचं इंजिन चालू होतं.

"म्हणजे तू बघत नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही."

"कधीच?"

"कधीतरी. वर्षातून एकदा-दोनदा."

ते रागावले असते तर मी झेललं असतं. चाळीस वर्षं त्यांचा राग मी बघितला होता. ते रागावले नाहीत. अगदी हळू आवाजात बोलले, शेजारी झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये तसं.

"त्याची बायको इथेच बसलीय, माझ्या बाजूला. मघापासून मला एकच विचारतेय. तुमच्या मुलीला एवढं वरून दिसतं, तर आमच्या ह्यांना थोडं आधी कळवता आलं नसतं का. मी तिला सांगितलं, बाई, जितक्या लवकर दिसलं तितक्या लवकर तिने सांगितलं. शपथेवर सांगितलं मी. आता हे मला तिला सांगता येणार नाही."

"फोन द्या त्यांच्याकडे."

"आत्ता?"

"आत्ताच द्या, बाबा."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. वाळूचा बारीक आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "बोला, ताई," आणि मी तिला सोमवारपासून सांगायला लागले.